धोंड्याचं ताट आणि ॲसिडची टाकी

दिग्रस, २१ मे २०२६

श्री. ऋतिकराव यांस,

आशीर्वाद द्यावा की अर्ज करावा, हे अजून ठरत नाही; म्हणून दोन्ही एकाच कागदावर देतो आहे. आशीर्वाद सासऱ्याचा, अर्ज कारखानदाराचा. त्यातलं जे चालत असेल ते ठेवून घ्या.

रात्री फोन केला तर तुम्ही म्हणालात, "मामाजी, प्रकरण चालू आहे तोवर फोनवर बोलणं बरोबर नाही. जे असेल ते लेखी द्या." घ्या लेखी. माझं अक्षर तुम्हाला लागणार नाही, पण मागणी तुमचीच होती.

अधिक महिना तीन वर्षांतून एकदा येतो. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू. त्याला पाटावर बसवून धोंडे आणि तेहतीस अनारसे वाढायचे, वाण द्यायचं, हे तुमच्या गावी, नेरलाही करतात. लग्नानंतरचा तुमचा हा पहिला धोंडा. तुमच्या सासूबाई, म्हणजे आमची शकुबाई, आठ दिवस अनारशाच्या पिठाला हवा लागू देत नव्हती. आणि काल दुपारी आमचा विष्णू आला, कारखान्यात शिरला, ॲसिडच्या टाकीला सील ठोकलं आणि न जेवता यवतमाळला निघून गेला. जाताना स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायला. सासऱ्याच्या गावात, स्वतःच्या बाटलीतलं!

आता चूक कोणाची ते सांगतो. तपासणी आणि जेवण एकाच दिवशी ठेवायचं, ही अक्कल माझी. शकुबाईनं आधीच सांगितलं होतं, "दोन्ही एका दिवशी कायले ठेवता? दोन्हीचा नास होईन." मी म्हटलं, तुले काय समजते? कारखाना घराला लागून. पुरणाचा वास नाकात शिरला की भल्याभल्यांची नजर मऊ होते. मागच्या साहेबांची तर नुसत्या भज्यांनी झाली होती. तुमची झाली नाही. नाकात काही दोष असेल तर दाखवून घ्या.

लेखी म्हटल्यावर सगळंच लिहावं लागतं. आपला कारखाना तो काय? बियाण्याच्या सरकीवरची लव ॲसिडनं जाळायची, सरकी चुन्याच्या पाण्यात धुवायची, उन्हात वाळवायची आणि बियाणं कंपनीच्या गाडीत भरून द्यायची. मृगाच्या आधीचे हे दिवस म्हणजे आमची दिवाळी. ऐन दिवाळीत तुम्ही दिवा विझवलात.

आणि पाहिलं काय तुम्ही? प्यायच्या पाण्याचा रांजण ॲसिडच्या ड्रमांशेजारी. अहो, तिथं सावली असते म्हणून. अंगावर ॲसिड पडलं तर धुवायचा फवारा, त्याला पाणी नाही. फवारा आहे ना? पाणी तुम्ही येणार त्या दिवशी जोडायचं होतं, फुलसिंग विसरला. फुलसिंग आमचा फिटर. गडी चांगला आहे, फक्त विसरतो. हातमोजे, चष्मे, गमबूट सगळे पाचवीच्या बाळासारखे कोरे. तुम्ही म्हणालात, कोरे का? घ्या, वस्तू जपून वापरली तरी गुन्हा. पहिल्या दिवसापासून त्यांना कुलूप आहे आणि किल्ली शकुबाईच्या कमरेला, तिच्या शालूच्या कपाटाच्या किल्लीसोबत.

तरी इथवर मी सांभाळून नेलं होतं. सकाळीच कपाट उघडून बायकांना सगळं माझ्या हातानं वाटलं होतं. पण तुम्ही हंसाबाईकडे वळलात. एवढ्या बायका सोडून नेमकी हंसाबाई!

"मावशी, हे हातमोजे रोज घालता का?"

"नाई जी. सायेब येते तेव्हा घालतो."

"मागे कधी घातले होते?"

"मागचे सायेब आल्ते तेव्हा. मंग आजच. लय गरम होते जी यात. तुमी केव्हा जाता याचीच वाट पाहून राह्यलो."

हंसाबाईच्या तांड्यात खोटं बोलायची पद्धत नाही असं नाही. तिला ती जमत नाही, एवढंच. आणि तुम्ही तिच्यावर रागावायचं सोडून तिला खुर्ची दिलीत, आणि चारही बायकांना उभं करून शिकवलंत, की ॲसिड पडलं तर काय करायचं. माझ्याच कारखान्यात, माझ्याच पंख्याखाली.

घरात शकुबाईनं निरांजन लावलं होतं आणि इकडे तुम्ही सीलसाठी लाख वितळवत होतात. ते दृश्य मी विसरणार नाही.

आमची लेक निकिता म्हणाली, तुम्ही वरिष्ठांना आधीच लिहून दिलं होतं, की कारखाना सासऱ्यांचा आहे, दुसरा माणूस पाठवा. त्यांनी कळवलं की दुसरा माणूस निवृत्त झाला. हे ऐकून थोडं बरं वाटलं. फार नाही.

घरात तेहतीस अनारसे आहेत आणि खाणारी दोन म्हातारी माणसं. सील काढा आणि जेवायला या. क्रम उलटा केलात तरी चालेल.

आपला,
भगवानराव गावंडे


दिग्रस, २८ मे

ऋतिकराव,

तुमची नोटीस मिळाली. शेवटचं वाक्य शकुबाईला वाचून दाखवलं: "भोजनाच्या निमंत्रणाबाबत, प्रकरण निकाली निघेपर्यंत ते स्वीकारता येणार नाही." तिनं पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "म्हंजे निकाली निघालं की येतील ना? मंग काढा ना निकाली. तुमाले कोनं धरलं?" बायकांना कायदा किती सोपा वाटतो.

पण तिनं बोलणं लावून धरलं आहे. या महिन्यात धोंडा झाला नाही तर पुढचा अधिक महिना तीन वर्षांनी. "तीन वर्षांत कोन राह्यते, कोन जाते," असं ती चहा देतानासुद्धा म्हणते. तेव्हा नोटिशीतली एकेक गोष्ट मी हातावेगळी करतो आहे. प्रगती कळवतो.

रांजण ॲसिडपासून लांब, मागच्या कडुनिंबाखाली हलवला.

हातमोजे वगैरे कुलपाबाहेर काढून बायकांच्या ताब्यात दिले, तुम्ही लिहिलं तसे, "कायमस्वरूपी". कायमस्वरूपीच गेले. तिसऱ्या दिवशी पाहतो तर एक जोडी नाही. गमबूट फुलसिंगच्या भावानं ओलिताला नेले. हातमोजे घालून बायका शेताच्या कुंपणाला काट्या तोडून आल्या. चष्मे तर विचारूच नका. तांड्यात लग्न होतं. वरातीत मोटरसायकलवाल्या चार पोरांच्या डोळ्यांवर माझ्या कारखान्याचे चष्मे! ॲसिडपासून रक्षण करणारे, काठाला पिवळी पट्टी असलेले. फोटोत नवरदेवापेक्षा तीच पोरं उठून दिसतात. मी हंसाबाईला विचारलं, हे काय? ती म्हणाली, "कारखाना बंदच आहे ना मालक. चष्मे घरात बसून काय करतील?"

सगळं परत गोळा केलं. एक चष्मा नवरदेव देत नाही, तो सोडून दिला.

मग धोक्याचा बोर्ड. तुम्ही लिहिलं की दारावर कवटीचं चित्र, खाली इशारा आणि निरीक्षकाचा फोन नंबर हवा. पेंटर आणला. कवटी रंगवून झाली आणि शकुबाई बाहेर आली. अधिक महिन्यात दारात मुडद्याचं डोकं! तिनं पेंटरला तिथंच उभं केलं. तो बिचारा दोघांचं ऐकत बसला आणि शेवटी त्यानं कवटीच्या कपाळावर गंध लावून दिलं. आता ती कवटी कीर्तनाला निघालेल्या बुवासारखी दिसते. बोर्ड तसाच मागच्या संडासाच्या भिंतीवर नेऊन लावला, तर तेव्हापासून बायका संडासात जात नाहीत. काल पुन्हा दारात आणला. गंध राहिलं आहे. नियमात कवटीला गंध नसावं असं कुठं लिहिलं असेल तर कळवा. तुमचा नंबर मात्र ठळक आला आहे.

फवाऱ्याचं कामही झालं. वर टाकी, खाली साखळी. ओढली की पाणी. म्हणजे येईल. टाकीत पाणी अजून भरलेलं नाही. कारखाना बंद असताना उन्हाळ्यात पाणी कशाला वाया घालवायचं? तुम्ही येणार त्या सकाळी भरून ठेवतो.

आणि ते चांदीचं ताट-वाटी निकिताच्या हाती पाठवलं होतं, ते तुम्ही परत पाठवलंत. अहो, ती लाच नाही, वाण आहे! बाप मुलीला म्हणाला, जावयाला दे, मुलगी बापाला म्हणाली, "बाबा, ते म्हणतात, नोटीस काढलेल्या कारखानदाराकडून चमचासुद्धा घेतला तर नोकरी जाईन." मी म्हटलं, मग काय तुझा नवरा पाहुण्यांकडे चहापण नाही पीत? ती म्हणाली, "पिते. साखर घरून नेते." निकितानं हे थट्टेनं म्हटलं की खरं, ते मला अजून कळलं नाही.

तुमचा,
भगवानराव


दिग्रस, ३ जून

ऋतिकराव,

घाईत चार ओळी. इकडे सगळं ठीक आहे. विशेष काही घडलेलं नाही.

माझा उजवा पाय थोडा मुरगळला आहे. अंगणात. चालताना. दोन दिवस चप्पल घालता येत नाही, म्हणून तुम्ही या आठवड्यात तपासणीला न आलेलं बरं. निकिताला सांगू नका, ती उगाच धावत येईल. धोतरही एक फाटलं आहे, पण ते जुनंच होतं.

एक गोष्ट केवळ माहितीसाठी विचारतो. समजा, एखाद्याच्या पायावर ॲसिड पडलं आणि त्यावर खूप वेळ पाणी घातलं, तर नंतर त्या जागी खोबरेल तेल लावावं की लावू नये? शकुबाईचं म्हणणं, लावावं. फुलसिंगला शंका आहे. फुलसिंगच विचारतो आहे.

आणि दुसरं, तेही फुलसिंगचंच: सील टाकीला आहे. समजा ॲसिड टाकीतलं नसून आधीच बाहेर राहून गेलेल्या एखाद्या कॅनमधलं असेल, तर तो सीलभंग होतो का? तो म्हणतो, कागदावर टाकी लिहिलं आहे, कॅन लिहिलेलं नाही.

उत्तराची घाई नाही. तेलाचं मात्र लवकर कळवा.

भगवानराव


दिग्रस, ५ जून

ऋतिकराव,

काल तुमच्या ऑफिसचा माणूस येऊन जबाब घेऊन गेला, म्हणजे तुम्हाला सगळं कळलं. कोणी कळवलं तेही मला कळलं. बोर्डावरचा नंबर वाचून हंसाबाईच्या नातीनं फोन लावला आणि हंसाबाईनं सांगितलं. मी तिला विचारलं, हंसाबाई, काहून केलं असं? ती म्हणाली, "नंबर कायले लिवला मंग दारावर?"

आता माझ्या तोंडून ऐका. जबाबात सगळं मावलं नाही.

घाटंजीचे बळीरामजी माझे जुने दोस्त. घरच्या बियाण्याची दोन पोती सरकी घेऊन आले. म्हणाले, "भगवानराव, मृग तोंडावर आला. एवढं करून दे." कारखाना बंद आहे, जावयानं बंद केला, हे त्यांच्यासमोर बोलायची मला लाज वाटली. खरं कारण एवढंच आहे. सील लावायच्या आधी एक कॅन मी घराच्या पडवीत ठेवला होता. का ठेवला होता ते विचारू नका. तुम्ही विचारणारच, तर लपवायला ठेवला होता.

कोणी पाहू नये म्हणून मागे कडुनिंबाखाली बसलो. प्लास्टिकच्या टोपल्यात सरकी घेतली, वरून ॲसिड ओतलं, काठीनं ढवळायला लागलो. पूर्वी आम्ही असंच करायचो. गमबूट घरात होते, कुलपात. परत आणल्यावर पुन्हा आतच ठेवले होते, कोणी ओलिताला नेऊ नयेत म्हणून. पायात चप्पल. टोपलं कललं आणि पायावर आलं.

ऋतिकराव, मी ॲसिडचा धंदा इतकी वर्षं केला, पण ते अंगावर कधी घेतलं नव्हतं. पहिल्यांदा नुसतं ओलं वाटलं. मग जे वाटलं ते लिहीत नाही. मी धावलो तो थेट तुमच्या फवाऱ्याकडे. खाली उभा राहिलो आणि साखळी ओढली. आत खडखड झाली. पुन्हा ओढली तर साखळी हातात आली. आणि त्या कोरड्या फवाऱ्याखाली उभा राहून मी ओरडत होतो, "पाणी! पाणी!" जसं काही ते भरणं दुसऱ्या कोणाचं काम होतं.

हंसाबाई त्याच वेळी काम कधी सुरू होणार ते विचारायला आलेली. तिनं पाहिलं मात्र, "याडी ये!" असं आपल्या आईच्या नावानं ओरडली आणि माझा हात धरून मला ओढत परत कडुनिंबाखाली नेलं. रांजण तिथंच होता ना! तुमच्या आदेशानं मी तो ॲसिडपासून लांब हलवला आणि लपून काम करायला नेमका त्याच्याच शेजारी जाऊन बसलो. ती गडव्यानं पाणी टाकत राहिली. मी म्हटलं, पुरे आता. ती म्हणाली, "चूप बसा! सायेबानं सांगतलं, टाकतच राहाचं, थांबाचं नाई. मालक तुमी घरी." बळीरामजी शेजारी उभे राहून नुसते "अरे बाप्पा, अरे बाप्पा" करत होते. रांजणाचा तळ दिसला तेव्हा ती थांबली. मग तुम्हाला ते तेलाचं पत्र टाकलं, आणि त्यानंतर शकुबाई आणि फुलसिंगनं मला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, पाय वाचला तो पाण्यानं. खोबरेल तेल लावू नका, हेही म्हणाले. ते तुमच्या आधी त्यांनीच सांगितलं.

त्या रात्रीपासून एकच गोष्ट डोक्यात बसली आहे. माझ्या पायावर पडलं, तर पाणी टाकायला हंसाबाई होती. तिच्या पायावर पडलं असतं तर? ती त्याच फवाऱ्याखाली धावली असती. मी आत बसून हिशेब करत असतो आणि ओरडणं ऐकून आधी विचारलं असतं, "काय झालं रे बोंबलायला?" मला माझी लाज वाटली, ऋतिकराव. ॲसिडपेक्षा ती जास्त झोंबते आहे.

पाण्याची टाकी आज भरली. साखळी नवी, जाड. रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी हंसाबाईनं ती ओढून पाहायची असं ठरवलं आहे. आज तिनं ओढली ती नेमकी फुलसिंग खाली उभा असताना. तो म्हणतो, आता मी विसरणार नाही.

तुम्ही माझ्यावर खटला भरणार हे निकितानं रडत सांगितलं. भरा. तुमच्या जागी दुसरा असता तर त्यानंही भरला असता, आणि नसता भरला तर तो मागच्या साहेबांसारखा झाला असता.

भगवानराव


यवतमाळ, १२ जून, कोर्टात बसून

जावईबापू,

हे पत्र मी शिक्षा भोगता भोगता लिहितो आहे. घाबरू नका, वाचा.

परवा अमरावतीहून तुमच्या खात्याचे साहेब येऊन कारखाना पाहून गेले. तुम्हीच कळवलं होतंत म्हणे, की आता तरी दुसरा माणूस पाठवा. त्यांनी फवारा ओढून पाहिला, चिंब भिजले आणि खूश झाले. कवटीचं गंध चालतं म्हणाले. सील काढलं. पण मृगाचं काम गेलं. कंपनीनं सगळी सरकी दुसरीकडे दिली. जाऊ द्या. पुढच्या हंगामाला बघू.

राहिला तुमचा खटला. वकील देवीलालजींकडे गेलो. ते खूश होऊन म्हणाले, "भगवानराव, काही फिकीर नका करू. समन्स यायलेच दिवाळी उजाडते. मंग तारखा. आपन दहा वर्ष आरामात काढू." मी म्हटलं, देवीलालजी, मला सोमवारच्या आत मोकळं व्हायचं आहे. त्यांना वाटलं ॲसिड डोक्यातही गेलं. मी सांगितलं, खटला चालू आहे तोवर जावई घरी जेवणार नाही. सोमवारी अमावस्या, अधिक महिना संपतो. दहा वर्षांत तीन धोंडे जातील. ते म्हणाले, "अशीलच कबूल कराले लागले तर आमी कोठी जावं?" तरी बिचारे आले सोबत.

न्यायाधीश बाई आहेत. त्यांनी कागद पाहिले आणि विचारलं, "समन्स तर अजून निघालंही नाही. तुम्ही कसे आलात?"

"एस्टीनं, साहेब."

मागं कोणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "गुन्हा कबूल आहे?"

"कबूल आहे."

"कोणाच्या दबावाखाली कबूल करता आहात का?"

शपथेवर खोटं कसं बोलायचं? मी म्हटलं, "हो, साहेब. अधिक महिन्याच्या." मग सगळं सांगावं लागलं. धोंडा, अनारसे, निरांजन, लाख, चांदीचं ताट. सरकारी वकिलांनी रुमाल तोंडाला लावला. त्यांच्या मुलीचं लग्न गेल्या वर्षीच झालं आहे, ते नंतर कळलं. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही जेवणासाठी गुन्हा कबूल करता आहात. केलेल्या गोष्टीचं काही नाही?"

तिथं माझं हसू गेलं. मी सांगितलं, "साहेब, घाई जेवणाची आहे. कबुली पायाची आहे. माझ्याजवळ पाणी टाकणारी बाई होती. माझ्या बायांसाठी मी फवाऱ्यात पाणी ठेवलं नव्हतं. ते माझ्याकडून झालं. कोनं दबाव टाकला नाही, कोनी शिकवलं नाही. मी केलं." दोन शब्द आपल्या बोलीत गेले, पण लिहिणाऱ्यानं तसेच लिहिले.

बाईंनी पेन पुन्हा उचललं. मग दंड ठोकला, चांगला सणसणीत, आणि कोर्ट उठेपर्यंत कोर्टातच बसून राहण्याची शिक्षा दिली. तीच भोगतो आहे. बाकावर बसलो आहे, पाय लांब केला आहे. पट्टेवाल्यानं स्वतःहून स्टूल आणून दिलं. देवीलालजी तोंड फिरवून दुसऱ्या अशिलाशी बोलत आहेत. शकुबाईला फोन करून सांगितलं की मला शिक्षा झाली. ती म्हणाली, "झाली ना? मंग पीठ भिजवते."

दंडाची पावती सोबत जोडली आहे. प्रकरण निकाली निघालं. नोटीस नाही, सील नाही, खटला नाही. आता मी तुमचा फक्त सासरा आहे, आणि तुम्ही माझे फक्त जावई. रविवारी या. वाण नको असेल तर नका घेऊ. साखर घरून आणायची असेल तर आणा. पण या.

कोर्ट उठतंय. उठतो.

तुमचा,
भगवानराव


यवतमाळ, १३ जून २०२६

प्रति,
श्री. भगवानराव गावंडे, दिग्रस

विषय : धोंड्याच्या भोजनास उपस्थित राहण्याबाबत.
संदर्भ : आपले काल न्यायालयात बसून लिहिलेले पत्र.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, मा. न्यायालयाने प्रकरण निकाली काढले असल्याने अधोस्वाक्षरीकर्ता रविवार, दि. १४ जून रोजी दुपारी सपत्नीक भोजनास उपस्थित राहील. पाट, रांगोळी व निरांजन यांस हरकत नाही. चांदी व कापड स्वीकारता येणार नाही. अनारसे स्वीकारता येतील, संख्येबाबत आक्षेप नाही. मात्र ते २० मे रोजीचे नसावेत. सौ. हंसाबाई यांनाही त्याच पंगतीस बसविण्यात यावे, अशी विनंती आहे.

ऋतिक

मामाजी,

वरचं ऑफिसात लिहिलं. आता घरी आलो, निकिता समोर बसली आहे आणि म्हणते, माणसासारखं लिहा.

त्या दिवशी तुमच्या पुरणाचा वास मला येत होता. माझ्या नाकात दोष नाही. मी सकाळपासून उपाशी होतो, सासूबाईंच्या हातचं पोटभर खायचं म्हणून. धोंड्यासाठी नवीन शर्ट शिवला होता, तो गाडीत बॅगेत होता. मावशी खरं बोलल्या तेव्हा तुमच्यापेक्षा जास्त मी घाबरलो. वाटलं, ऐकलंच नाही असं करावं. पण उद्या तिथं कोणाचं काही झालं असतं आणि निकितानं विचारलं असतं, "तुमाले माहीत होतं ना?" तर मी काय सांगितलं असतं? सील लावताना तुमच्या घराकडेच नजर जात होती, म्हणून लाख वाकडी पडली. अमरावतीच्या साहेबांनी त्यावरून मला सुनावलंही.

तुमचं तीन तारखेचं पत्र वाचलं तेव्हा फुलसिंगचा पाय कोणाचा आहे ते लगेच कळलं. मी तसाच निघालो होतो. बसस्टँडवरून परत आलो, कारण मी आलो असतो तर जावई म्हणून आलो असतो, आणि मग ऑफिसनं घेतलेल्या जबाबाला अर्थ राहिला नसता. तिथं बाकावर बसून मी रडलो, हे निकितालाही आत्ताच कळतं आहे.

उद्या मी पाटावर बसलो की तुम्ही तांब्या घेऊन माझे पाय धुवायला खाली बसाल. बसायचं नाही. वाकलं की जखमेवर ताण येतो. तुम्ही खुर्चीवर बसा. पट्टी सोडून जखम मला पाहायची आहे, तुमचा पाय मीच धुणार आहे. हा आदेश समजावा. यावर अपील नाही.